बुल्स आय

गुरुवारी स्किप्टनच्या पबमध्ये डार्ट्स.
बोर्डाच्या मधोमध लाल टिकलीएवढा ठिपका.
मी म्हटलं, म्हणजे बैलाचा डोळा!
बैल नव्हे गं, वळू,
मॉरीन हेबलथ्वेट म्हणाली.
गुरांच्या बाजारात चाळीस वर्षं पावत्या फाडलेली बाई.
तिला फरक कळणारच.

मग पर्समधून तिनं एक गोळी काढून दिली,
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पेपरमिंटची.
जिभेला चटका बसला.
हीसुद्धा बुल्स आय.
आणि खिडकीतली ती जाड हिरवट काच,
मधे भोवऱ्यासारखी गाठ असलेली,
तीपण.
काच फिरवून झाल्यावर सळई मोडून घेतली,
तिथला वण तो.
स्वस्तात जायचा हा तुकडा
गोठ्यांना, असल्या गुत्त्यांना.
मी वाकून पाहिलं :
रस्त्यावरचा पोस्टमन गाठीपाशी आला,
गर्रकन वळला आणि नाहीसा झाला.

आमच्याकडे, मी म्हटलं,
बुल्स आय म्हणजे न उलटलेलं अंडं.
मिरजेच्या स्टँडवर, वर मिरपूड, सोबत पाव.
ती एवढी हसली
की तिचा डार्ट भिंतीत रुतला.

एक मात्र सांगितलं नाही.

विट्याला आमचा तेलाचा घाणा होता.
भिंगऱ्या पहाटेपासून गोल,
डोळ्यांवर चामड्याची झापडं.
चक्कर येऊ नये म्हणून, अण्णा म्हणायचे.
(आपण कुठंच पोचलो नाही
हे कळू नये म्हणून,
हे आई म्हणायची, अण्णा नसताना.)
दिवेलागणीला झापडं सोडायचं काम माझं.
वादी ओली असायची. पेंडेचा वास.
मग तो डोळा,
पिकल्या करवंदासारखा काळा,
कडेला माशी,
आत वाकडी, बोटभर मी
आणि माझ्यामागं दार, उघडं.
तो दाराकडं बघायचा की माझ्याकडं
ते कधी कळलं नाही.

आता एअरडेलच्या दवाखान्यात
मी लोकांच्या डोळ्यांत थेंब घालते.
वर बघा म्हणते.
बाहुली पसरत जाते, पसरत जाते,
तिच्यात ट्यूबलाइट दिसते, कपाट दिसतं,
आणि असते ना मी,
युनिफॉर्ममधली, बोटभर.
सोळा वर्षं. तीच खुर्ची, तोच दिवा.

तुझी पाळी, मॉरीन म्हणाली.
नेम धरताना एक डोळा मीट, असं तिनंच शिकवलेलं.
मला आज मिटवेना.
डार्ट सुटला, विसाच्या शेजारी
एकवर जाऊन बसला.
मॉरीननं पाटीवर खडूनं
एक लिहिला,
नीट, ठळक,
पावती फाडावी तसा.