रकाना नऊ

तक्त्यात अकरा रकाने.
बाधित क्षेत्र : एकेचाळीस हेक्टर.
पर्यायी क्षेत्र : ब्याऐंशी. दुप्पट, म्हणजे
कागदावर आपण कुणाचं देणं लागत नाही.
रकाना नऊ : पूर्वस्थिती आल्याचा दिनांक.
तिथे पेन थांबतं.

रस्ता बोरामणीच्या अंगानं आला,
सहा पदरी, मुरूम दाबत.
खडीत टिटवीची अंडी होती, खडीच्याच रंगाची.
रोलरवाल्या सिद्रामनं भोवती चार दगड मांडले
आणि यंत्र बिघडलं असं सांगितलं.
एक दिवस.
मुकादमानं त्याचा खाडा धरला.

बदल्यातला माळ मार्डीकडचा.
माझ्या आधीच्या माणसानं तिथे झाडं लावली होती,
ग्लिरिसिडिया, सुबाभूळ,
कवायतीला उभ्या पोरांसारखी, प्रत्येकाला पिवळा नंबर.
जगण्याचं प्रमाण ब्याण्णव टक्के. शाबासकीचं पत्रही आलं.
चंडोल तेवढे गेले.
काळवीट कडेपर्यंत यायचे, आत नाही.
त्यांना आडोसा नको असतो,
लांबचं दिसायला हवं असतं.

मायक्का बंडगर, पन्नास मेंढरं,
एक कान फाटलेला कुत्रा.
"काय करलालास रं?"
म्हटलं, जंगल.
"जंगलच हुतं की हे.
झाडं दिसंनात म्हणून तुला रिकामं वाटलं व्हय?"
मग उकिडवी बसून एकेक काडी ओढत गेली :
हा पवन्या, ही मारवेल, हा शेडा, ही कुसळी,
आणि त्या वघळीच्या काठाला लांडगी व्यायची,
माझी दोन कोकरं तिच्याच पोटात हायती.
हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता.
उधारी असावी तसं काहीतरी.

माझे नायना चादरीच्या कारखान्यात तपासनीस.
चादर उजेडावर धरायचे. सुटलेला धागा
बोटाला आधी कळायचा, डोळ्याला मागनं.
रफू अम्मा करायची. नवा धागा कधीच नाही,
त्याच चादरीच्या काठातून चार तारा उपसायची.
"दुकानातला रंग जुळतो रे,
पहिल्या धुण्यात उघडा पडतो."

म्हणून कार्तिकात काठ उसवला.
रस्त्याच्या खुणेच्या दगडांपुढे, यंत्रं यायच्या आधी,
मायक्का आणि सात बायका
पदर खोचून बी ओरबाडत होत्या.
एकवीस पोती माळ. हलका,
एका हातानं टेम्पोत टाकता येईल असा.
हजेरीपत्रकात लिहिलं : गवताचे बी गोळा करणे.
साहेबांनी लाल शाईनं विचारलं : प्रयोजन?

आणि मार्डीला झाडं तोडली.
मी, पर्यावरणाचा माणूस, कुऱ्हाडी घेऊन.
सरपंच मोटारसायकल आडवी लावून उभे,
मोबाइलवर फोटो, गावभर बोंब.
अम्मानं जेवताना विचारलं,
"नोकरीत हे बसतं का?"
मी आमटी वाढून घेतली.

दुसरं वर्ष संपत आलंय.
पवन्या आला, ठिगळाठिगळानं.
शेडा रुसला.
चंडोलाचं एक घरटं, गाईच्या खुराच्या खळग्यात.
लांडगी नाही. वघळ आता रस्त्याखालच्या पाइपात आहे,
तिला कुठला पत्ता कळवायचा?
माळढोकाचं कुणी बोलत नाही.
नबीलाल वनमजूर मात्र रोज पहाटे
दुर्बीण पुसतो, आणि परत पेटीत ठेवतो.

तक्ता सोमवारी पाठवायचाय.
नऊमध्ये मी पेन्सिलीनं एक साल लिहिलं,
माझ्या निवृत्तीच्याही पुढचं,
आणि खोडलं. कागद तिथे पातळ झालाय.

काल घरी आलो तर पायमोजे कुसळांनी भरलेले.
अम्मा दारात बसून वेचत होती,
चष्मा नाकावर, पुटपुटत.
पुसलेल्या फरशीवर एक पडलं.
ओल लागली तसं ते वळायला लागलं,
हळू, स्वतःभोवती,
शहाबादी फरशीत टोक खुपसत.
अम्मानं फडकं बाजूला ठेवलं.
बघत राहिली.