झिरोचा बल्ब

अकरावी ब ला मी शक्ती जिन्यातच शिकवते.
फळ्यावर ती नुसता भागाकार असते.

आधी वजनकाटा. मुनाफ बागवान,
बासष्ट किलो, बूट काढून.
दोन मजल्यांची उंची सात पूर्णांक दोन मीटर.
टेप ऋजुता भिलारेने धरली, वरचं टोक तीनदा सुटलं.
हं, पळ.
आठ सेकंद. वर पोचून तो कठड्याला लोंबकळला
आणि खाली सगळे पाठीला पाठ लावून
वहीत गुणाकार करत बसले:
बासष्ट, नऊ पूर्णांक आठ, सात पूर्णांक दोन,
भागिले आठ.
पाचशे सत्तेचाळीस वॅट.
सातशे सेहेचाळीसने भागलं, तर पाऊण अश्वशक्तीला जरा कमी.
"मॅडम, पाऊण घोडा!"
दिवसभर त्याचं नाव तेच राहिलं.

मग माझा दरवर्षीचा प्रश्न.
हाच मुनाफ रमतगमत, चिंचा खात चढला असता
तर कार्य किती झालं असतं?
अर्धा वर्ग म्हणतो, कमी.
कमी नाही रे. तेवढंच. एक ज्यूल इकडेतिकडे नाही.
कार्य घड्याळाकडे बघत नाही.
बघते ती शक्ती.
दोन मार्क इथेच जातात सगळ्यांचे.

संध्याकाळी धनकवडी.
स्टॉपवॉच चुकून पर्समध्येच राहिलेलं.
आमची इमारत लिफ्टच्या आधीची,
आणि डॉक्टरांनी पप्पांना सांगितलंय,
दिवसातून एकदा उतरायचं, एकदा चढायचं,
टाक्यांवर हात ठेवून.

नाना पेठेत चाळीस वर्षं मोटारी रिवाइंड केल्या त्यांनी.
दोन बोटांनी शाफ्ट फिरवून सांगायचे,
अर्धा एचपी, बेअरिंग गेलंय,
आणि कुणीतरी ओल्या हातांनी उघडलीय.

चोपन्न पायऱ्या. नऊ मीटर.
वजन साठ; ऑपरेशनच्या आधी एकाहत्तर होतं.
मी मागे दोन पायऱ्या ठेवून, पदराआड बटण दाबलं.

पहिल्या वळणावर ते भिंतीवरची मीटरं वाचत थांबले,
प्रत्येकाचं रीडिंग मोठ्याने.
दुसऱ्या वळणावर घैसासांनी ठेवलेली खुर्ची.
खुर्चीत कार्य शून्य, घड्याळ चालू.
सूत्राला त्याचं काही वाटत नाही.
सरासरी म्हणतात त्याला, मधलं काही विचारत नाही ती.
दाराशी पोचलो तेव्हा सहा मिनिटं झाली होती.

पाच हजार दोनशे ब्याण्णव भागिले तीनशे साठ.
तोंडीच झालं. नको होतं व्हायला.

"किती आली?"
पाठमोरे असूनही त्यांना कळलं होतं.
"पंधराच्या आत."
चप्पल काढायला त्यांनी बराच वेळ घेतला.
"म्हणजे झिरोचा बल्ब."

मी काही बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले,
"त्याला झिरो म्हणतात ते चूकच आहे.
पंधरा वॅट खातो तो. जुन्या मीटरच्या तबकडीला
तेवढं जाणवायचं नाही, म्हणून लोक शून्य म्हणायला लागले,
असं आमचे उस्ताद सांगायचे.
तू पोटात होतीस तेव्हा दुकानाचं लाइटबिल थकलेलं.
रात्री त्याच उजेडात वाइंडिंग घातलंय मी.
एकशे चाळीस वेढे. एकसुद्धा चुकला नाही."

पाणी प्यायले. श्वास अजून परत येत होता, थोडा थोडा,
उधारी फेडल्यासारखा.

जर्नलच्या मागच्या पानावर मी पेन्सिलीने लिहिलं,
चौदा पूर्णांक सात. तारीख घातली.
एकक लिहायचं विसरले,
ज्यासाठी मी मुलांचा अर्धा मार्क कापते.

आतून त्यांचा आवाज आला,
"घैसासांना सांग, ती खुर्ची उद्या
चार पायऱ्या वर सरकवा म्हणावं."
"पायरीवर खुर्ची कशी राहील, पप्पा?"
"मग उचला म्हणावं."