भोक न पाडता

बंद पडलेल्या लाकूडगिरणीमागच्या धक्क्यावर
मी बोट फुगवतोय, पायाच्या पंपानं.
नूत्ती मोजतोय. शंभर झाले की मोठ्यानं ओरडतो,
मधले आकडे गिळतो.

लाकडी बोट होती तेव्हा हे सोपं होतं.
ड्रिल घ्यायचं, मागच्या फळीत दोन स्क्रू,
भोकांत थोडं डांबर, झालं.
ती बोट आता साइयाच्या भावाकडे असते,
माझ्या दोन भोकांसकट.

ही रबरी. हिचं सगळं अंग म्हणजे कोंडलेला श्वास,
टोक लागलं की खेळ खलास.
शिवाय संध्याकाळी हिला सोडायची, पुसायची,
घडी घालून डिकीत टाकायची.
म्हणजे जे काही लावू
ते निघालंही पाहिजे.

आधी व्हॅक्यूम कप लावून पाहिला.
थुंकी लावली, दाबला, नूत्तीनं दहा मोजले.
धक्क्यापासून चार वाव गेलो नाही तोच सुटला,
आणि ट्रान्सड्यूसर वायरीला लोंबकळत
मेलेल्या उंदरासारखा मागून येत राहिला.
नूत्ती हसला.
ह्या शनिवारचं पहिलं हसू,
शेवटी लागलं कशाला तरी.

ऊर्हो म्हातारा काठावरून म्हणाला,
गोंद आहे माझ्याकडे, जहाजांचा,
चिकटवून टाक, जन्मात निघायचं नाही.
मी म्हटलं, तेच तर नकोय.
तो खांदे उडवून आपल्या जाळ्याकडे वळला.

मग घरातून भाजी चिरायची पाटी आणली,
पांढरी प्लास्टिकची, बिटाच्या डागांची,
आणि करवतीनं मधोमध कापली.
आता ब्रेड कशावर कापणार? नूत्तीनं विचारलं.
टेबलावर.
टेबलावर?
कोण बघतंय, म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला.
आईकडे असं चालत नाही, एवढंच म्हणाला.

मागच्या आडव्या नळाला अर्धी पाटी,
दोन क्लॅम्प, क्लॅम्पखाली
सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, रबर रबराला घासू नये म्हणून.
पाटीला ॲल्युमिनियमची काठी,
काठीच्या टोकाला ट्रान्सड्यूसर, बोटीखाली दोन बोटं.
कुणाची बोटं? नूत्ती म्हणाला. माझी की तुझी?
त्याची धरली. नऊ वर्षांची, बारीक,
म्हणून काठी परत थोडी खाली सरकवली.
तोंड सरळ तळाकडे हवं.
जरा तिरकं झालं तरी तो बोलतो,
पण खोली खोटी सांगतो.

रात्रीचे दहा, आणि पुरुवेसीवर अजून ऊन.
वल्ही हळू मार, बुडबुडे झाले की त्याला ऐकू येत नाही.
तीन पॉइंट दोन.
चार.
मग एकदम अकरा, आणि पडद्यावर
एक बारीक कमान.

मासा असा वाकडा का असतो?
वाकडा नसतो रे. आपण लांबून येतो,
त्याच्या डोक्यावर येतो, पुन्हा लांब जातो.
यंत्र नुसतं अंतर लिहीत बसतं.
मासा कदाचित हललाही नसेल.

ह्यावर तो काही बोलला नाही.
पडद्यावर बोट ठेवून
कमानीचा मधला भाग शोधत राहिला,
ती डावीकडून निघून जाईपर्यंत.

मासा एकही लागला नाही.
रविवारी क्लॅम्प काढले, काठी काढली,
नळाच्या दोन्ही बाजूंना बोटीवर दोन चट्टे उठलेले,
नूत्तीनं अंगठ्यानं चोळले, म्हणाला, जातील.

सोमवारी साइयाचा मेसेज:
ह्याच्या बॅगेत अर्धी पाटी निघाली, बिटाचे डाग पडलेली.
विचारलं तर म्हणतो, लागेल.
काय प्रकार आहे?

मी काहीतरी लिहिलं, पुसलं,
परत लिहिलं.
भूक लागली होती. ब्रेड टेबलावर ठेवला,
आणि सुरी जरा जोरातच लागली.