धर्मकाट्यावर टोंगा

क्रिकेट लावताना बोट घसरलं
आणि फ्रान्समधल्या कुठल्याशा हिरवळीवर
तीस माणसं एका चेंडूवर कोसळली.
चेंडू कसला, पपई.
टप्पा पडल्यावर कुठं जाईल, तिलाही ठाऊक नाही.

जालना एमआयडीसी, रात्रपाळी.
समोर सळईच्या कारखान्याची चिमणी,
खिडकीबाहेर भंगाराच्या गाड्या.
मी भरल्या गाडीचं वजन लिहितो, रिकामीचं लिहितो,
मधल्या फरकाची पावती फाडतो.
अशा माणसानं रग्बी कशाला बघावी?
बघू नये. पण बघितली.

वॉचमन मुनाफभाई मागून डोकावले.
"कौन खेलरा?"
लाल कपड्यातले टोंगा, म्हटलं.
"टांगा?"
टांगा नाही, टोंगा. देश आहे. समुद्रात.
"हौ, वोइच. टांगा."
त्यांच्या वालिदांचा टांगा होता,
स्टेशन ते कादराबाद.
रिक्षा वाढल्या त्या वर्षी घोडी अंबडच्या बाजारात गेली.
मुनाफभाई स्टूल ओढून बसले.
आमचा संघ ठरला.

नियम अजून कळलेले नाहीत.
हातातला चेंडू मागंच द्यायचा, पुढं द्यायचा नाही,
आणि जायचं मात्र पुढं.
मला हे चमत्कारिक वाटलं, मुनाफभाईंना नाही;
त्यांनी तीस वर्षं भिशी चालवलीय.
शिट्टी वाजली की ते माझ्याकडं बघायचे.
"क्या हुआ?"
काहीतरी झालं.
एवढंच आमचं समालोचन.

सामन्याआधी टोंगावाले अंगावर थापा मारत नाचायचे,
राष्ट्रगीताला एवढाले बाप्ये डोळे पुसायचे,
मग हरायचे.
पहिला हरले. दुसरा हरले.
तिसऱ्यात दीड जीबी संपला तेव्हा हरतच होते,
उरलेलं आम्ही धरून चाललो.

मधे एक स्क्रम नावाचं प्रकरण असतं.
आठ विरुद्ध आठ, खांद्यात खांदे, माना आत.
एका बाजूचं वजन नऊशे किलोच्या आसपास, असं कळलं
आणि वजनाचं म्हटलं की मला राहवत नाही.
लोह्याचा बालाजी केंद्रे पावतीसाठी ताटकळत होता.
त्यालाही घेतला.
उतरलो तिघं रिकाम्या काट्यावर,
मी नि मुनाफभाई इकडून, बालाजी तिकडून,
वाकलो, आणि रेटलं जीव खाऊन.
पाटीवर लाल आकडा: दोनशे दहा.
मुनाफभाईंची चप्पल निसटली, बालाजी "आई गं" म्हणाला.
दोनशे दहा.
काटा रेटणं धरतच नाही.
"मंग ह्यो मोजतो तरी काय?" बालाजीनं धापा टाकत विचारलं.
भंगार, म्हटलं.

चौथा सामना ऑक्टोबरातल्या रविवारी.
त्याच संध्याकाळी क्रिकेटचंही विश्वचषकाचं,
सगळं गाव टीव्हीला चिकटलेलं,
काट्यावर कुत्रं नाही.
टोंगाचा हिशेब आधीच लागलेला:
जिंकले तरी घरी, हरले तरी घरी.
क्रिकेट लावू का, मी विचारलं.
मुनाफभाईंनी स्टूल आणखी जवळ घेतलं.

साडेनऊनंतर कधीतरी
लाल जर्सीतला एकजण रेषेपलीकडं पोटावर पडला,
पपई छातीखाली.
ट्राय! हा शब्द एव्हाना आम्हाला येत होता.
आणि गावात फटाके.
आधी नव्या जालन्यात, मग जुन्या,
कुंडलिकेच्या दोन्ही काठांना धडाड् धडाड्,
चिमणीच्या धुरावर हिरवा, मग पिवळा उजेड.
मुनाफभाई दारात जाऊन उभे राहिले.
फटाके कशाचे, ते मला माहीत होतं.
त्यांनाही माहीत असणार.
"देखो," म्हणाले, "पूरा जालना. टांगे के वास्ते."

टोंगा जिंकले आणि घरी गेले.
स्पर्धा पुढं बरेच दिवस चालू होती म्हणे.
अंतिम सामन्याच्या रात्री अकरा गाड्या आल्या,
त्यातली एक ओव्हरलोड, भांडण झालं,
कोण जिंकलं ते बघायचं राहून गेलं.