डावी सीट

टिपणीसांचा निरोप आला कॅनडाहून:
आठवड्यातून एकदा गाडी काढा बाई,
नाहीतर बॅटरी बसते. गल्लीत एक चक्कर पुरे.

गल्ली कुठे संपते, ते त्यांनी लिहिलं नव्हतं.

रविवारी पहाटे पाचला कव्हर ओढलं.
खाली पिवळी, दोन दारांची,
जमिनीला कान लावून काही ऐकत असल्यासारखी.
आत बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग पडायचं,
मग एकेक पाय ओढून घ्यायचा.
बावन्नाव्या वर्षी तेवढा व्यायाम पुष्कळ.

एकोणीस वर्षं मी डावीकडे बसते.
पुढे एल, मागे एल, दारावर क्लासचा फोन नंबर,
माझ्या पायाशी क्लच आणि ब्रेक.
ॲक्सिलरेटर माझ्या बाजूला नसतो.
दुसऱ्यानं जायचं, मी थांबवायचं,
असा आमचा धंदा.

चांदणी चौकात पुलांच्या गुंत्यात
पाटी वाचेपर्यंत पाटी मागे गेली.
बावधनात उतरले, वळून परत वर आले.
(विद्यार्थी असता तर बोलले असते.)
भूगावचे गतिरोधक तिरके घेतले,
एक चाक आधी, एक मागून,
भरलं पातेलं उंबऱ्यावरून न्यावं तसे.
पिरंगुट, पौड. शेकोटीपाशी तिघे जण,
तिघांच्याही माना वळल्या.
मग डाव्या हाताला मुळशीचं पाणी,
त्यावर धुकं, अजून न उठलेलं.

ताम्हिणीचं पहिलं वळण.
मी मोठ्यानं म्हणाले, "गिअर!
वळणाच्या आधी, वळणात नाही."
शेजारी स्वेटर होता फक्त. म्हणून मीच ऐकलं.

उजवा पाय ब्रेकवर तरंगत राहिलेला,
त्याला दुसरं काही कुणी शिकवलंच नाही.
लाजऱ्या पाहुण्यासारखं उठवून त्याला पलीकडे बसवलं:
अहो टेका, आपलंच घर आहे.
तो टेकला.
आणि मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकललं,
म्हणजे ढकलणारी मीच.

डोळा अजून डावी कड शोधतो:
गटार, सायकल, अचानक कोंबडी.
मधली पांढरी रेघ इतक्या जवळून
मी कधी पाहिलेली नव्हती.
तुटते, सांधते, तुटते,
कडेला सावरीला फुलं, पान एक नाही,
दुसरा, तिसरा, परत दुसरा,
कडा उजवीकडे आला, दरी उजवीकडे आली,
मी कुणालाही काहीही सांगत नव्हते.

किती वेळ, ते माहीत नाही.

एका आंधळ्या वळणावर दुधाचा टेम्पो,
अर्धा माझ्या बाजूला.
पाय पोचला. माझ्याआधी पोचला.
किटल्या खणखणत निघून गेल्या,
ड्रायव्हरनं हात वर केला, चूक कुणाची ते न ठरवता.
एकोणीस वर्षं फुकट नाही गेली म्हणायची.
गुडघे मात्र पुढच्या दोन वळणांपर्यंत कापत होते.

टपरीवरच्या मुलीनं स्टोव्ह पेटवला,
गाडीकडे बघत विचारलं, "साहेब मागून येतायत?"
म्हटलं, साहेब कॅनडात.
"मग तुम्ही?"
मी बॅटरीसाठी आलेय.
तिनं मान हलवली. बॅटरीचं तिला पटलं.
आलं जास्त घातलं होतं, तरी दोन कप घेतले.

परतताना ऊन डोळ्यांवर. सावकाश आले.
सोमवारी सातला केतकी बापट येईल,
तीनदा नापास. ब्रेकची तिला भीती नाही,
पुढे जायचीच आहे.
मी तिला नेहमी म्हणते, हळू.
का म्हणते कोण जाणे, ती हळूच असते.

टिपणीसांना कळवलं: बॅटरी उत्तम.
गल्ली जरा लांब निघाली, एकशे अठरा किलोमीटर.
पेट्रोल मी भरलंय.

बॉनेट तापलेलं होतं, आत काहीतरी टिकटिकत होतं,
निवताना पत्रा टिकटिकतो तसं.
ते थांबेपर्यंत कव्हर हातात धरून उभी राहिले.