मागे कुणीतरी ठेवा

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, पाइपलाइनला लागून,
माझ्या पत्र्याखाली त्यांनी गाडी लावली
आणि उतरायच्या आधीच म्हणाले, टर्बो गेलाय.
हरेश्वर माधवी, घणसोली गाव.
दुसरीकडे दाखवली होती. बावन्न हजार सांगितले.

धूर कधी येतो?
येतो ना.
कधी येतो?
गप्प झाले.
चालवणाऱ्याला स्वतःचा धूर दिसत नाही,
दिसतो तो मागच्याला,
आणि मागचा शिवी घालून पुढे निघून जातो,
थांबून सांगत नाही रंग कुठला होता.

म्हटलं, मागे कुणीतरी ठेवा.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आली स्कूटरवरून, मृणाली.
डाव्या तळहातावर बॉलपेननं लिहिलेलं:
महापे सिग्नल, तीन मिनिटं उभी. निघाली तेव्हा भप्पकन निळा.
शीळफाट्याकडे चढताना काही नाही.
उतारावर पाय काढला की पुन्हा थोडा.
आणि मनगटाशी, घामानं पुसट:
बाबा गाडी थांबली की लगेच चावी फिरवतात.

इतका नीट केसपेपर
डॉक्टरकडेसुद्धा कुणी नेत नाही.

वास कसला होता?
हे मला आता विचारावंच लागतं.
साथीच्या वर्षी ताप आला तो माझं नाक घेऊन गेला.
आधी डोळे मिटून सांगायचो,
हे कुलंट, गोडसर. हे कच्चं डिझेल, डोळ्यांना झोंबतंय.
पोरं पैजा लावायची.
आता धूर म्हणजे नुसता रंग,
आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखा.

ती म्हणाली, कढईत तेल विसरल्यासारखा.
म्हणजे ऑइल.

होज काढला. टर्बोच्या तोंडात बोटं घातली,
पंख्याचा दांडा धरून हलवला.
बाजूला केसभर, तेवढं चालतं.
आत-बाहेर काहीच नाही. पाती शाबूत,
कुठे घासल्याची खूण नाही.
पण इंटरकूलरच्या पाइपातून कटिंगभर ऑइल ओघळलं
आणि माधवी म्हणाले, बघा, गेलाच.

थांबा म्हटलं.
इंजिन चालू करून ऑइलचं झाकण सैल केलं
तर ते थडथडायला लागलं
उकळत्या डाळीवरच्या ताटलीसारखं.
आतला दम कोंडला होता.
ब्रीदरच्या नळीत वर्षानुवर्षांची काळी पेस्ट,
तारेनं खरवडावी लागली.
वाफेला बाहेर वाट नाही,
म्हणून टर्बोतलं ऑइल खाली परतत नव्हतं,
म्हणून सीलमधून सटकत होतं, हवेबरोबर जळायला.
रक्त त्याच्या तोंडातून आलं
म्हणून दुखणं त्याचंच ठरलं.

नवी नळी, झाकणाचा रबर, मजुरी. अठराशे चाळीस.
माधवींचा चेहरा पडला.
एवढंच?
बावन्न हजारांवर जो विश्वास बसला होता
तो अठराशेवर बसेना.

म्हटलं, अजून शे-दोनशे किलोमीटर धूर येईल,
सायलेन्सरात साठलेलं जळून जाईस्तोवर.
घाबरून परत येऊ नका.
आणि चावी काढायच्या आधी मिनिटभर बसून राहा.
मिनिटभर करू काय, त्यांनी विचारलं,
खरंच विचारलं.
मला फोन करा, मुलगी म्हणाली.

नवव्या दिवशी दोघं आले, फक्त दाखवायला.
रेस दिली. मागच्या भिंतीवरचा चुना स्वच्छ दिसत राहिला.
मी सवयीनं सायलेन्सरशी वाकलो, डोळे मिटले.
काही नाही.
गाडीचं काही नाही की माझंच, ते कळेना.
मृणालीला हाक मारली.
तिनं वाकून नाक लावलं, दोनदा,
मग मान वर करून पाइपलाइनपलीकडे बघत म्हणाली,
कुणीतरी सुकट भाजतंय.