हात लावू नये

कागल रस्त्याला, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडात
कुणा हौशी माणसानं जुनी यंत्रं मांडलीत.
तिकीट वीस रुपये, सत्तरीपुढच्यांना दहा.
बाबा म्हणाले, पुरं फाड.
मोठ्यानंच म्हणाले. ओतशाळेत चाळीस वर्षं काढलेला माणूस
हळू बोलायचं विसरतो.

आत वास होता, डिझेलचा नाही, रॉकेलचाही नाही,
थंड झालेल्या तव्याचा असतो तसा काहीतरी.
ओळीनं ट्रॅक्टर. एकाचं नाक घोड्याएवढं लांब,
एकाला पुढं एकच चाक,
पोराची तीनचाकी हट्टानं मोठी होत गेल्यासारखी.
पत्र्याच्या बैठका खोलगट, भोकाभोकांच्या,
कुणाकुणाच्या ढुंगणांनी गुळगुळीत केलेल्या.
सहलीची पोरं स्टिअरिंगला लोंबकळायला बघायची
आणि स्टुलावरचे बाबालाल मुजावर शिट्टी फुंकायचे:
हात लावायचा नाय!

वाफेचं इंजिन पार टोकाला होतं.
काळं, बुटकं, धुराडं मागं दुमडून ठेवलेलं,
पोटाशी अजून उसाची दोन-चार चिपाडं.
पितळी पाटीवर विलायतेतल्या कुठल्याशा गावाचं नाव
आणि साल एकोणीसशे आठ.

बाबांनी पाटी वाचली नाही.
बाजारात बैल बघावा तसे ते मागच्या अंगानं आले,
वाकले, आणि मोठ्या चाकाच्या आतल्या कडेवरून
बोटं फिरवत निघाले.
शिट्टी वाजली. पुन्हा वाजली.
पोरं हसली. बाबांना ऐकू येत नाही
हे बाबालालना कुणी सांगायचं?
मी धावले, तोवर बोटं थांबली होती.

हितं, म्हणाले.

रुपयाएवढी जागा. बाकी बीड खरखरीत, तेवढंच मऊ.
बासष्ट साल. मूळ चाक तडकलेलं,
बैलगाडीत घालून उद्यमनगरात आणलेलं.
सागवानी पॅटर्न केलं मी, अठराचा होतो. तीन रात्री.
ओतलं, वाळू झाडली, तर कडेला हे भोक.
परत ओतायला बीड कुठलं? तिकडं गाळप थांबलेलं,
ऊस वाळत चाललेला.
वस्ताद म्हणाला, गप शिसं भर.
भरलं. घासलं. वरनं काजळी.
मालक पेढे देऊन गेला.

बाबालाल पाटीकडं बोट करून म्हणाले, हितं तर विलायत लिवलंय.
मी बाबांच्या कानात ओरडून सांगितलं.
पाटी विलायती हाय, खरं चाक आमचं.
(आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.
बाहेरच्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावं लागेल.)

मालकास्नी सांगतो, बाबालाल म्हणाले,
तुमचं नाव लिवाय लावू. काय नाव?
नको, बाबा म्हणाले.
मग भोकबी माझ्याच नावावर चढंल.

पोरं डब्याला बाहेर गेल्यावर
बाबालालनी शिट्टी खिशात घातली.
दट्ट्याचा दांडा कधीच काढून टाकलेला, चाक मोकळं.
दोघा म्हाताऱ्यांनी मिळून रेटलं.
आधी काहीच नाही. मग कुंभारमाशीचं एक घर फुटून पडलं,
थोडी राख, आणि चाक हललं,
पाऊण फेरा गेलं,
दमलं, मागं आलं, पुढं झुललं,
आणि ती रुपयाएवढी जागा बरोबर तळाला येऊन उभी राहिली.

पुन्हा रेटलं. पुन्हा तळाला.

शिसं जड, बाबा म्हणाले. कुठंबी सोडा, तितंच येतंय.
तिसऱ्यांदा त्यांनी एकट्यानंच रेटलं.

परतीच्या बसमध्ये उजवा तळवा उघडा,
मांडीवर उताणा ठेवलेला.
काळा. मी रुमाल पुढं केला,
तर त्यांनी तो घेऊन डाव्या हातानं चष्मा पुसला.